स्ट्रीट क्लासमध्ये कारखान्याची चाकं आणि ब्रेक बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत हौशी शर्यतीत उतरणारे मराठी मित्र मला पुन्हापुन्हा हेच प्रश्न पाठवतात, विशेषतः हिवाळ्यात. तेव्हा शर्यती थांबलेल्या असतात आणि गाडी गॅरेजमध्ये जॅकवर चढलेली असते. इथली उत्तरं स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, यांच्या सोलो (ऑटोक्रॉस) नियमपुस्तकाला धरून आहेत. व्याख्या बाराव्या विभागात आहेत आणि स्ट्रीट क्लासचे नियम तेराव्या. पुस्तकाची आवृत्ती दरवर्षी नवी निघते, त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी चालू वर्षाची प्रत उघडून ते कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

१. स्ट्रीट क्लास म्हणजे नक्की काय? पूर्वीचा 'स्टॉक' तो हाच का?

वारसा तोच. २०१४ पासून 'स्टॉक'च्या जागी 'स्ट्रीट' आला. रोज ऑफिसला नेता ती गाडी मोकळ्या डांबरी मैदानावर मांडलेल्या कोनमधून (रस्त्याच्या कामात ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू) न्यायची. बाकीच्या गाड्यांना भिडायचं नसतं, लढत घड्याळाशी असते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि पाडलेल्या प्रत्येक कोनमागे २ सेकंद वाढतात. टायरची ट्रेडवेअर (टायर किती सावकाश झिजतो ते सांगणारा, टायरवर छापलेला आकडा) किमान २०० हवी. गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, ही मूळ अट. नियमपुस्तकात नाव घेऊन सांगितलेल्या सवलती तेवढ्या वेगळ्या.

२. मग बदलता काय येतं? थोडक्यात सांगा.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा), कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढचा (टेलपाइपकडचा) एक्झॉस्ट, ब्रेक पॅड, टायर आणि ठरलेल्या मापात बसणारी चाकं. मुख्य सवलती एवढ्याच. प्रत्येकीला तिच्या अटी आहेत. पुस्तकाचा सूर पहिल्या पानापासून एकच आहे: 'करता येईल' असं लिहिलं नसेल तर करता येत नाही. 'करू नका असं कुठे लिहिलंय?' हा प्रश्न इथे चालत नाही. नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो.

३. 'स्टँडर्ड पार्ट' कशाला म्हणायचं?

या पानावरची निम्मी उत्तरं या व्याख्येतून येतात, म्हणून ही नीट समजून घ्या. गाडी नवी घेताना जो पार्ट मागवता आला असता, जो कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर बसला असता आणि अमेरिकेतल्या डीलरमार्फत गाडीबरोबर हाती पडला असता, तो स्टँडर्ड पार्ट. पैसे देऊन घ्यायचे ऑप्शनही त्यात येतात. गाडी जहाजातून उतरल्यावर बंदरावर कंपनीने बसवलेले ऑप्शन कारखान्यात बसवल्यासारखेच धरतात. डीलरने त्याच्या दुकानात बसवलेलं काहीही धरत नाहीत, मग ते कितीही सर्रास दिसत असो.

त्याच व्याख्येत पुढे आहे की एका वर्षाच्या गाडीचा पार्ट दुसऱ्या वर्षाच्या गाडीला लावण्याची मुभा यातून मिळत नाही. (वर्षाचा घोळ प्रश्न ११ आणि १५ मध्ये.)

४. पार्ट कंपनीचाच आहे, बोल्टही जुळतात. मग बेकायदा कसा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. पार्ट कंपनीने बनवला का, हे नियम विचारत नाही. तुमची गाडी, त्या वर्षाची, त्या ट्रिमची (एकाच मॉडेलची साधी किंवा वरची आवृत्ती म्हणजे ट्रिम), तो पार्ट घेऊन कारखान्याच्या दारातून बाहेर पडू शकली असती का, एवढंच तो विचारतो. एकच कंपनी एकाच सांगाड्यावर पाच प्रकारच्या गाड्या बनवते. बोल्टांचं वर्तुळ तेच, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तेच, म्हणून एकीचं चाक दुसरीला सहज बसतं. पण बसणं आणि चालणं यांत फरक आहे.

हा नियम कडक आहे हे मला मान्य आहे, आणि तो तसाच हवा असं माझं ठाम मत आहे. उद्या 'कंपनीचा पार्ट म्हणजे चालला' असं ठरलं, तर जो जास्त जंकयार्ड धुंडाळेल आणि जास्त पैसे ओतेल त्याची गाडी पुढे जाईल. बेस मॉडेल घेऊन आलेल्या कॉलेजच्या मुलाला या क्लासमध्ये जागाच उरणार नाही.

५. बाहेरच्या कंपनीची, हलकी चाकं लावली तर?

खुशाल लावा. इथे बरेच जण चकित होतात, कारण चाकांच्या बाबतीत नियम ब्रेकपेक्षा पुष्कळ सैल आहे. चाक कोणत्याही कंपनीचं आणि कोणत्याही धातूचं चालतं, वजनाची अट नाही. पाळायच्या गोष्टी तीन:

रुंदी मूळ चाकाइतकीच, अर्धा इंचही इकडेतिकडे नाही. व्यास मूळ चाकापेक्षा १ इंचापर्यंत कमी किंवा जास्त. ऑफसेट (अर्थ प्रश्न ७ मध्ये) मूळ चाकाच्या ७ मिलिमीटर आत किंवा बाहेर.

व्हील स्टड आणि नट बदलता येतात. टायरच्या रुंदीवर थेट बंधन नाही, पण फेंडर कापायला किंवा वाकवायला परवानगी नाही, त्यामुळे गाडी स्वतःच मर्यादा घालून देते.

६. रुंदी कुठून कुठे मोजायची? माझ्या फूटपट्टीवर ७ इंची चाक ८ इंच भरतंय.

तुम्ही बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलंत. चाकाची रुंदी म्हणजे टायरच्या कडा जिथे बसतात त्या दोन बैठकांमधलं अंतर. कडांची जाडी धरली की साधारण इंचभर जास्त भरतं. टायर चढवलेला असेल तर मोजण्याच्या भानगडीत पडू नका. चाक काढा, उलटं करा आणि आऱ्यांच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. ब्रेकची काळी धूळ ओल्या फडक्याने पुसलीत की धातूत उठवलेला मजकूर दिसतो: व्यास, गुणिलेचं चिन्ह, रुंदी, मग 'जे' किंवा 'जेजे'. जवळच 'ईटी' आणि पुढे एक आकडा सापडेल, तो ऑफसेट. तिथेच फोटो काढून ठेवा. नंतर वाद झाला तर चाक पुन्हा काढायला नको.

७. ऑफसेटचं गणित कसं करायचं? आणि स्पेसर चालतो का?

चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला असेल तर आकडा धन. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत.

समजा मूळ चाकाचा ऑफसेट ४८ आहे. तुम्हाला ४१ ते ५५ यांमधलं कोणतंही चाक चालेल. आता ४५ चं चाक मिळालं आणि ते आत ब्रेकच्या कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या भागाला) घासतंय म्हणून तुम्ही ५ मिलिमीटरचा स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची चकती) घातला. स्पेसर चाक बाहेर ढकलतो, म्हणून ४५ वजा ५, झाले ४०. तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. ३ चा स्पेसर असता तर ४२ आले असते आणि गाडी नियमात राहिली असती. थोडक्यात, स्पेसर चालतो, पण हिशोब चाक आणि स्पेसर मिळून होतो.

आणखी एक. चाक बाहेर सरकल्याने दोन चाकांमधलं अंतर वाढतं. ती वाढ नियमाला मान्य आहे, तिच्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

८. माझी होंडा एस२००० २००२ ची आहे. २००४ नंतरच्या एस२००० ची मूळ चाकं स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

स्ट्रीट क्लाससाठी घेऊ नका. आकडे मांडून बघा. २००० ते २००३ च्या गाडीला पुढे १६ बाय ६.५ (व्यास बाय रुंदी, इंचांत) आणि मागे १६ बाय ७.५ ची चाकं. २००४ पासून पुढे १७ बाय ७, मागे १७ बाय ८.५. व्यास एकच इंचाने वाढलाय, तो चालतो. ऑफसेट दोन्हींचे पुढे ५५ आणि मागे ६५, तिथेही अडचण नाही. अडतं ते रुंदीवर: पुढे अर्धा इंच, मागे पूर्ण एक. तीनपैकी दोन अटी पाळल्या तरी तिसरीत चाक बाद.

गंमत अशी की बाहेरच्या कंपनीने १७ बाय ६.५ आणि १७ बाय ७.५ अशी हलकी चाकं योग्य ऑफसेटमध्ये बनवून दिली तर ती चालतील. होंडाची स्वतःची चाकं बाद आणि परक्या कंपनीची पास, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. प्रश्न ४ आणि ५ एकत्र वाचलेत की त्यामागचा हिशोब लागेल.

९. पुढे अरुंद आणि मागे रुंद चाकं असलेल्या गाडीला चारही बाजूंना रुंद चाकं लावता येतील?

नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांचा हिशोब वेगळा. शेवरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत साध्या गाडीला पुढे १७ बाय ८.५ आणि मागे १८ बाय ९.५ येतात. त्या मागच्या चाकाची रुंदी पुढे चालणार नाही. त्याच पिढीच्या झेड०६ या वरच्या आवृत्तीची चाकं, म्हणजे पुढे ९.५ आणि मागे १०.५, साध्या कॉर्व्हेटला लावायचा प्रश्नच येत नाही.

१०. ब्रेकमध्ये हात कुठे घालता येतो?

पॅड तुमच्या मर्जीचे. कंपनी कोणतीही, मिश्रण कोणतंही. ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचे) वेगळ्या प्रकारचे चालतात. झिजलेला रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) बदलायला कंपनीकडेच जावं लागत नाही, पार्टच्या साध्या दुकानातला चालतो. मात्र तो मूळ रोटरची तंतोतंत जोड हवा: माप तेच, धातू तोच, घडण तीच. मूळ रोटर सपाट असेल तर भोकं पाडलेला किंवा खाचा मारलेला रोटर ही त्याची तंतोतंत जोड होत नाही. कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि रोटरचा व्यास यांना हात लावायचा नाही.

११. १९९२ च्या माझ्दा मियाटाला १९९४ च्या मियाटाचे मोठे ब्रेक लावले तर? दोन्ही मियाटाच.

दोन्ही मियाटा आहेत, पण वर्ष वेगळं. १९९० ते १९९३ च्या १.६ लिटरच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरचे रोटर होते. १९९४ ला १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्याबरोबर २५५ चे. जुन्या गाडीला नवे ब्रेक चढवणं हा मियाटावाल्यांचा फार जुना उद्योग आहे, बोल्ट काढून बोल्ट लावायचं काम. रस्त्यावर वापरायला उत्तम. स्ट्रीट क्लासमध्ये बेकायदा, कारण १९९२ मध्ये कोणीही तशी गाडी मागवू शकत नव्हतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून शिकलो. माझी पहिली मियाटा चार मालकांच्या हातून आली होती. पुढचे रोटर झिजले म्हणून गाडीचं वर्ष सांगून नवे आणले. जुना उतरवून गॅरेजच्या फरशीवर ठेवला, नवा त्याच्यावर ठेवला, आणि खालच्या रोटरची गंजकी कड वरच्याच्या चारही बाजूंनी सेंटिमीटरभर बाहेर डोकावत राहिली. दुकानदाराने चुकीचा दिला असं वाटून मी परत निघालो होतो, तेवढ्यात फूटपट्टी लावली: जुना २५५. आधीच्या कोणीतरी मालकाने हौसेने ब्रेक बदलले होते आणि मी पूर्ण एक हंगाम बेकायदा गाडी पळवली होती. त्या हंगामात मिळालेली दोन बक्षिसं मी आमच्या रीजनला, म्हणजे क्लबच्या स्थानिक शाखेला, परत केली, आणि १.६ चे कॅलिपर, ब्रॅकेट, रोटर शोधण्यात पुढचे दोन महिने गेले.

१२. मोठे ब्रेक म्हणजे जास्त सुरक्षितता. सुरक्षिततेसाठीही परवानगी नाही?

नाही. ऑटोक्रॉसमध्ये त्याची गरजही क्वचितच भासते. एक फेरी मिनिटभराच्या आसपासची असते. त्यात तीनचार वेळा जोरात ब्रेक लागतो, मग गाडी रांगेत उभी राहून थंड होते. मूळ ब्रेक, ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड यांवर काम भागतं. थांबण्याचं अंतर शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. मोठा रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारं जादा वजन, आणि ते प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक वेग वाढवण्याला आड येतं.

मग लोक मोठ्या ब्रेकमागे का लागतात? बहुतेकदा त्या ब्रेकबरोबर येणाऱ्या रुंद चाकांसाठी. खरी झटापट चाकाच्या अर्ध्या इंचासाठी आहे. ती पुढच्या दोन प्रश्नांत.

१३. माझी गाडी साध्या ट्रिमची आहे. त्याच वर्षाच्या वरच्या ट्रिमची फक्त चाकं उचलली तर?

फक्त चाकं नाही. पण नियमपुस्तकात एक दार उघडं आहे: एकाच मेक आणि मॉडेलच्या, एकाच मॉडेल वर्षातल्या एका पॅकेजमधून (कारखान्यातून एकत्र मिळणाऱ्या ऑप्शनच्या संचातून) दुसऱ्यात गाडी नेता येते, अट एवढीच की बदल संपूर्ण असावा. अर्धवट चालत नाही.

२०१६ च्या माझ्दा एमएक्स-५ चं उदाहरण घ्या. स्पोर्ट ट्रिमला १६ बाय ६.५ ची चाकं, क्लबला १७ बाय ७. स्पोर्टवाल्याला ती ७ इंची रुंदी हवी असते. पण मॅन्युअल गिअरच्या क्लबबरोबर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल येतो, बिल्स्टीनचे शॉक येतात, पुढच्या शॉक टॉवरना जोडणारी पट्टी येते, आणि बाहेरच्या-आतल्या बारीकसारीक गोष्टी येतात त्या वेगळ्याच. हे सगळं बसवलंत तर गाडी नियमाच्या नजरेत क्लब झाली. एक जरी राहिलं तर ती ना स्पोर्ट ना क्लब, आणि त्या क्लासमध्ये तिला जागा नाही.

कॉर्व्हेटच्या सहाव्या पिढीत तर हे आणखी खोल जातं. २००५ च्या झेड५१ पॅकेजमध्ये भोकांचे मोठे रोटर (पुढे ३२५ ऐवजी ३४० मिलिमीटर), कडक स्प्रिंग आणि अँटी-रोल बार, जादा कूलर हे सगळं आहेच, शिवाय मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअरसुद्धा वेगळे आहेत. म्हणजे 'झेड५१ चे ब्रेक हवेत' म्हणणाऱ्याला गिअरबॉक्स उघडावा लागतो. हिशोब मांडला की बहुतेक जण गाडी विकून मुळातच झेड५१ असलेली गाडी घेतात, आणि मीही तेच सुचवतो.

१४. पॅकेजचे सगळे पार्ट जमवले. आता तरी झालं?

ते पॅकेज तुमच्या ट्रिमवर मिळत होतं का, ते आधी बघा. २०१७ च्या सुबारू बीआरझेडचं परफॉर्मन्स पॅकेज घ्या. त्यात चारही बाजूंना ब्रेम्बोचे ब्रेक, झाक्सचे शॉक आणि १७ बाय ७ ऐवजी १७ बाय ७.५ ची चाकं. पार्ट तीन प्रकारचे, जमवायला फार अवघड नाहीत. पण हे पॅकेज मॅन्युअल गिअरच्या लिमिटेड ट्रिमवरच मिळायचं. तुमची प्रीमियम असेल तर कारखान्यातून 'प्रीमियम अधिक परफॉर्मन्स पॅकेज' अशी गाडी कधी निघालीच नाही. आधी गाडी लिमिटेड करायची, म्हणजे तिच्या सीट, तिचं एअरकंडिशनिंग आणि बाकी सगळं बसवायचं, आणि मग पॅकेज.

लोक यावर चिडतात. 'सीटचा आणि ब्रेकचा संबंध काय?' वजनाचा आहे. चैनीच्या वस्तूंचं वजन टाळून फक्त शर्यतीच्या कामाचे पार्ट वेचायचे, हेच हा नियम अडवतो.

उलट दिशेलाही हेच लागू. पॅकेजवाली गाडी साधी करायची तर तीही पूर्ण साधी करावी लागते. ब्रेम्बो काढून हलके ब्रेक लावले पण ७.५ ची चाकं ठेवली, तर ते चालणार नाही.

चाकं जर स्वतंत्र ऑप्शन म्हणून, पॅकेजशिवाय, तुमच्या ट्रिमवर त्या वर्षी मिळत असतील तर मात्र काम सोपं आहे. ती तुमच्या गाडीची स्टँडर्ड चाकं. त्यांची रुंदी तुमची, आणि प्रश्न ५ मधल्या सवलती त्या मापापासून मोजायच्या.

१५. गाडी २००३ च्या सप्टेंबरमध्ये बनली असं दारावरच्या स्टिकरवर आहे. वर्ष कोणतं धरायचं?

मॉडेल वर्ष धरायचं. बनल्याची तारीख आणि मॉडेल वर्ष वेगळे असू शकतात. २००३ च्या शरद ऋतूत बनलेली गाडी २००४ च्या मॉडेलची असणं अगदी नेहमीचं आहे. १९८१ पासूनच्या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो, त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं. '३' असेल तर २००३, '४' असेल तर २००४. २०१० पासून पुन्हा इंग्रजी अक्षरं सुरू झाली: 'ए' म्हणजे २०१०, 'जी' म्हणजे २०१६, 'एच' म्हणजे २०१७.

१६. डीलरनेच नवी गाडी देताना कंपनीच्या रेसिंग विभागाची चाकं आणि ब्रेक बसवून दिले होते. वॉरंटीसुद्धा आहे. ते तर चालतील?

वॉरंटीचा इथे काही संबंध नाही. डीलरच्या वर्कशॉपमध्ये बसले असतील तर ते स्टँडर्ड पार्ट नाहीत. तीच किट बंदरावर कंपनीमार्फत बसवली गेली असेल तर आहेत. फरक कसा ओळखायचा? गाडीच्या खिडकीवरचा मूळ मोनरोनी स्टिकर बघा. हा स्टिकर १९५८ च्या कायद्याने सक्तीचा झाला, आणि ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांचं नाव त्याला पडलं. कारखान्याचे ऑप्शन त्यावर किमतीसह छापलेले असतात. डीलर आपल्या वस्तूंसाठी शेजारी स्वतःचा दुसरा कागद चिकटवतो. किट त्या दुसऱ्या कागदावर असेल तर स्ट्रीट क्लाससाठी ती उतरवावी लागेल. चाकं मात्र प्रश्न ५ च्या तीन मापांत बसत असतील तर राहू द्या, तिथे ती कुठून आली याला महत्त्व नाही.

१७. जपानमध्ये किंवा युरोपात हीच गाडी मोठ्या ब्रेकसकट मिळत होती. तिथून पार्ट मागवले तर?

चालणार नाही. व्याख्येत 'अमेरिकेतल्या डीलरमार्फत' हे शब्द आहेत. चाकांना पुन्हा प्रश्न ५ ची सूट.

१८. कंपनीने रिकॉलमध्ये ब्रेकचा पार्ट बदलून वेगळा दिला. आता मी बेकायदा?

नाही. कारखान्याच्या आदेशाने झालेला बदल मान्य आहे. रिकॉलची पावती गाडीत ठेवा. तसंच, जुना पार्ट बंद होऊन कंपनी तुमच्या व्हीआयएनवर फक्त नव्या क्रमांकाचा पार्टच देत असेल, तर तो तुमच्या गाडीचाच पार्ट. मात्र 'कंपनीने नंतरच्या वर्षी सुधारलेला' आणि 'माझ्या व्हीआयएनसाठी दिलेला' यांची गल्लत करू नका.

१९. जुनी गाडी घेतोय. आधीच्या मालकाने काय बदललंय हे कसं कळणार?

चारही चाकांचे शिक्के वाचा (प्रश्न ६), रोटरचा व्यास मोजा, आणि ते आकडे त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. जनरल मोटर्सच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत तीन अक्षरी ऑप्शन कोडचा स्टिकर असतो. त्यावर झेड५१ सारखा कोड दिसला तर गाडी त्या पॅकेजची जन्मली हे पक्कं. बाकी कंपन्यांच्या बाबतीत डीलरच्या पार्ट काउंटरवर व्हीआयएन देऊन मूळ पार्टचे क्रमांक काढता येतात. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव होत नाही. प्रश्न ११ मधली माझी गोष्ट त्यासाठीच सांगितली.

२०. हे सगळं तपासतं कोण? सकाळच्या टेकमध्ये तर कोणी चाक मोजत नाही.

बरोबर. टेक इन्स्पेक्शन सुरक्षिततेसाठी असतं: चाकाचे नट घट्ट आहेत का, ब्रेक पेडल कडक आहे का, बॅटरी हलते का. गाडी क्लासच्या नियमात आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी तुमची आणि तुमच्या क्लासमधल्या बाकी चालकांची. शंका आली तर स्पर्धक लेखी प्रोटेस्ट करतो, त्यासाठी शुल्क भरतो, आणि समिती निर्णय देते. स्थानिक शर्यतीत हे क्वचित घडतं. नेब्रास्कातल्या लिंकनला २००९ पासून भरणाऱ्या सोलो नॅशनल्समध्ये (राष्ट्रीय स्पर्धेत) मात्र तयारी ठेवूनच जावं लागतं. गाडी दोषी ठरली तर निकाल जातो.

प्रोटेस्ट आला म्हणून अपमान वाटून घेऊ नका. आणि करायचा असेल तर आधी त्या माणसाशी जाऊन बोला. निम्म्या वेळा त्याला स्वतःलाच माहीत नसतं, आणि तो दुसऱ्या दिवशी गाडी सुधारून आणतो.

२१. पुरावा म्हणून काय काय बाळगू?

त्या वर्षाचं फॅक्टरी सर्व्हिस मॅन्युअल, मोनरोनी स्टिकरची प्रत, कंपनीच्या त्या वर्षाच्या ऑर्डर गाइडचं किंवा माहितीपत्रकाचं पान, चाकांच्या शिक्क्यांचे फोटो. पॅकेज बदललं असेल तर त्या पॅकेजच्या प्रत्येक पार्टची यादी आणि पावत्या. गाडी नियमात आहे हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर असतं. कोणाच्या पोस्टचा स्क्रीनशॉट पुरावा होत नाही.

२२. नियम वाचूनही माझी शंका फिटत नाही. कोणाला विचारू?

सोलो इव्हेंट्स बोर्डाला पत्र लिहा. सभासदाचं पत्र ऑनलाइन पाठवता येतं. स्ट्रीटची सल्लागार समिती ते वाचते आणि निष्कर्ष क्लबच्या मासिक 'फास्टट्रॅक' पत्रिकेत छापून येतात. पत्रात वर्ष, ट्रिम, पार्ट क्रमांक आणि कलम क्रमांक लिहा. 'ब्रेक चालतील का?' एवढंच विचारलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येईल. पार्ट विकत घेण्याच्या आधी विचारा. गॅरेजमध्ये खोकं येऊन पडल्यावर माणसाला नियमात हवं ते दिसायला लागतं.

२३. माझा बदल बेकायदा ठरला, पण गाडी मला तशीच आवडते. घरी बसू?

अजिबात नाही. क्लास बदला. स्ट्रीट टूरिंगमध्ये रुंद चाकांना वाव आहे (उदाहरणार्थ त्यातल्या एसटीएस या क्लासमध्ये ७.५ इंचापर्यंतची चाकं आणि २२५ मिलिमीटर रुंदीपर्यंतचे टायर), आणि ब्रेकच्या बाबतीतही जास्त मोकळीक आहे. स्ट्रीट प्रिपेअर्डमध्ये नियमपुस्तकाच्या एकाच ओळीत नोंदलेल्या वर्षांमध्ये पार्टची अदलाबदल करता येते. म्हणजे प्रश्न ८ आणि ११ मधल्या बदलांना तिथे दार उघडं आहे. तिथले प्रतिस्पर्धी जास्त तयारीच्या गाड्या घेऊन येतात हे खरं. नवख्या माणसाने पहिलं वर्ष त्याची पर्वा करू नये. कोनमधून वाट कशी काढायची हे शिकण्यात ते वर्ष निघून जातं, आणि तिथे सापडणाऱ्या सेकंदांपुढे अर्ध्या इंचाचं चाक फार छोटं आहे.

२४. नासाच्या किंवा ब्रँड क्लबच्या शर्यतीतही हेच नियम का?

नाही. नासा, म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, आणि बीएमडब्ल्यू किंवा पोर्शचे क्लब यांची नियमपुस्तकं वेगळी आहेत. एससीसीएच्याच ट्रॅकवरच्या स्पेक मियाटामध्ये (फक्त मियाटांच्या शर्यतीत) चाक १५ बाय ७ चं, आणि सोलोत नसलेली किमान वजनाची अट तिथे आहे: १३ पौंड. म्हणजे सोलोसाठी घेतलेलं अतिहलकं चाक तिथे त्या वजनामुळेच बाद होऊ शकतं. दोन्हीकडे उतरणार असाल तर आधी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, मग चाकांची ऑर्डर द्या.